मूळ प्रत

कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
पानाला चाळीस रुपये, उधारी नाही.
समोर पोशव्वा बिटला,
विडी घरकुलहून दोन गाड्या बदलून आलेली,
पदराच्या गाठीत चाळीस, वर सुटे दहा, लागले तर.

"लिही. काल परत आला तो पोरगा, रात्री नऊला,
चपला न काढता थेट आत."
मी टाइप केलं : रात्री नऊ वाजता.
सांगितलं, सातनंतर वसुलीला येता येत नाही त्यांना.
"मग त्या दोन तासांचं व्याज लाव," म्हणाली.

कर्ज मल्लेशमचं,
जुन्या मागावर जेकार्ड बसवायला.
चाळीस हजार. एकोणीस हप्ते भरलेले,
पावत्या तिनं आणल्यात
विड्यांच्या कट्ट्यासारख्या दोऱ्यानं करकचून.
विसाव्याच्या आधी तो गेला.
मग कंपनीही गेली, म्हणजे नावानं गेली,
कर्ज कुणी विकलं, कुणी घेतलं,
आता तिसऱ्याच नावाची पाटी मागते
एक लाख बारा हजार सहाशे चाळीस.
जामीनदार म्हणून तुमचा अंगठा आहे, म्हणतात.
"असेल की. दाखवा म्हटलं.
त्यानं मोबाइल दाखवला.
त्यात तक्ता, तक्त्यात मी, तीही चुकलेली :
पोशम्मा बिट्टल.
करारपत्र कुठंय? तर पुण्यात.
पुण्याला फोन लावला, तर चेन्नईत.
चेन्नईत मराठी कुणाला येईना, मी तेलुगूत बोलले,
तिकडची पोरगी तमिळ.
दोघी जरा वेळ गप्प राहिलो,
मग पैसे संपले."

सवयीनं माझी बोटं चालली होती : नम्र विनंती की
"वाच बघू काय लिहिलंस."
वाचलं.
"नम्र काढ."
तशी पद्धत असते, म्हटलं.
"चाळीस वर्षं सूप घेऊन कारखान्याच्या रांगेत उभी राहिले.
ही बारीक, हिचं तोंड नीट नाही, हिचं पान फाटकं,
हजारातल्या दीडशे बाजूला. छाट.
नम्रपणे नव्हता काढत कुणी.
आता ह्यांचा माल माझ्यासमोर आलाय.
छाट."

टाइपरायटरवर खोडणं म्हणजे
अक्षरांवर फुल्या मारणं.
मारल्या.
ह्याच यंत्रावर वसुलीच्या नोटिसाही केल्यात मी,
सात दिवसांच्या आत, अन्यथा,
भाव तोच, चाळीस.
तिला हे सांगितलं नाही.

मूळ करारपत्र दाखवावे.
भरलेल्या हप्त्यांचा हिशेब द्यावा.
कर्ज तुमच्याकडे आले त्याचा कागद,
आणि घरी येणाऱ्या इसमाचे ओळखपत्र.
यांपैकी काही नसेल, तर ही रक्कम
कशाच्या आधारावर मागता ते लेखी कळवावे,
तोवर दारात येऊ नये.

शाईत अंगठा बुडवून ती थांबली.
"आणि खरंच सापडला कागद, तर?"
तर हिशेबानं जे निघेल ते द्यावं लागेल, पोशव्वा.
"ते देईन की. ते नाही म्हणत मी."
अंगठा तसाच हवेत, निळा.
"त्याला मराठी लिहिता येत नव्हतं.
सही तेलुगूत करायचा,
गोल गोल, सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून,
एवढं नाव लिहायला चहा गार व्हायचा.
मजुरीच्या वहीत मालकाचं अक्षर,
रेशनकार्डावर साहेबाचं.
घरात कुठेच नाही बघ ती सही.
त्या कागदावर असणार."

अंगठा निम्माच उमटला,
विड्या वळून वळून रेषा गुळगुळीत झालेल्या.
मी दुसऱ्यांदा लावायला सांगितला नाही.

खाली एक ओळ मोकळी होती.
आणखी काही लिहू?

"लिही," म्हणाली,
"झेरॉक्स चालणार नाही."